हौदाकडची भिंत

शेलगव्हाण, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला
शुक्रवार, १० ऑक्टोबर १९७५

प्रिय सुभान,

तुला देवमनचा जयभीम आणि त्याच्या मागोमाग सलाम. दोन्ही एकाच श्वासात म्हटले आहेत, तेव्हा पहिला कोणता यावर भांडत बसू नकोस.

नागपूरला तू, सूनबाई, नातवंडं सगळे खुशाल असावेत. तुझा दमा थंडीच्या तोंडावर डोकं वर काढतो, त्याला यंदा खालीच दाबून ठेव. इकडे पाऊस मन लावून पडला. ज्वारी दाण्यावर आली आहे, कपाशीनं बोंडं धरली आहेत, आणि ग्यानबाच्या बांधावरची बोर आपल्या लहानपणी होती तशीच आहे, फळाला आंबट आणि काट्याला उदार. माझी बेबी दिवाळीला अकोल्याहून यायची आहे. माझं म्हणशील तर चष्मा जाड झाला आणि कविता जास्त आठवायला लागल्या. बाकी बरा आहे.

दोन वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही. तू रागावलास हे मला समजतं. मी का लिहिलं नाही ते तुला समजलेलं नाही, समजायला काही मार्गही नव्हता. ते लिहीन. आधी बातमी लिहू दे, कारण ही बातमी पोटात ठेवून दुसरं काही लिहायला गेलो तर शाई फुटेल.

मशीद उभी आहे.

नुसती उभी नाही सुभान! हौदाकडची भिंत ओळंब्यात आहे, कमान पुन्हा पुरी झाली आहे, आणि परवा ईदेची नमाज आत झाली. बाहेर मांडवात नाही, आत, घुमटाखाली. मी ओट्यावर बसून पाहत होतो. तू इथं नव्हतास म्हणून तुझ्या वाटचंही मीच पाहिलं.

आता क्रमानं सांगतो. मला क्रमानं सांगता येत नाही हे काशीराव मास्तरांनी माझ्या पाठीवर रूळ मारून मान्य केलं होतं, तरी प्रयत्न करतो.

पण आरंभ मास्तरांपासूनच केला पाहिजे. आपली शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. तुम्ही सगळे सभामंडपात, आणि मी पायरीखाली उन्हात, पाटी मांडीवर घेऊन. मास्तरांचा आवाज जेवढा पोचेल तेवढी माझी विद्या. मग मास्तरांनी मशीद सांभाळणाऱ्या तुझ्या अब्बांना विचारलं आणि शाळा उचलून मशिदीच्या ओसरीत आणली. पहिल्या दिवशी मी सवयीनं बाहेरच बसलो. अब्बा हौदावर नमाजाआधीचे हातपाय धूत, वजू करत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, बाहेर कायले बसला? पाय धू, आन् अंदर बैठ." एवढंच. मी पाय धुतले आणि आत गेलो. पुढे जन्मभर पोरांना मराठी शिकवलं, चांगली चांगली वाक्यं त्यांच्याकडून घोकून घेतली. त्याहून चांगलं मराठी वाक्य मला अजून सापडलेलं नाही, आणि त्यात अर्धी हिंदी आहे.

ओल्या पायांनी आत गेलं की काळ्या फरशीवर पावलं उमटायची, तुझी मोठी, माझी लहान. नमाजाच्या वेळा सांभाळून मास्तर आपल्याला घुमटाखाली उभे करायचे आणि त्यांनीच जुळवलेली कविता म्हणायला लावायचे.

दगडा रे दगडा, ऊन तुला लागे का?
गाव सारं झोपल्यावर तूही राती जागे का?

आपण म्हणायचो आणि घुमट मागून म्हणायचा. तू म्हणालास, "देवमन, ही मशीद पाठांतरात आपल्यापेक्षा हुशार आहे." पुढचं कडवं मला कितीतरी वर्षं आठवत नव्हतं. तुला आठवतं का? ते आता सापडलं आहे. कुठं सापडलं तेही सांगतो.

दगड म्हातारे होतात, हे मात्र मास्तरांनी शिकवलं नव्हतं. बाहेरचा काळा पाषाण मोठा चिवट. पण आतल्या मेहराबीवरची तांबड्या दगडाची वेल आठवते? पानांच्या शिरासुद्धा दिसायच्या. तिला लोणा लागला. पांढरा खार फुटायचा आणि पापुद्रे सुटून खाली पडायचे, तुझी हुरमतआपा झाडताना ते सुपात गोळा करायची. टाकून देववत नव्हते तिला. घुमटाच्या खांद्यावर पिंपळ उगवला होता. कबुतरांनी तर कोनाडे वाटून घेतले होते. हे सगळं मी रोज तिथं जाऊन बसायचो म्हणून पाहत होतो, आणि पाहता पाहता वाटायचं, हिचं आणि माझं वय बरोबरच चाललंय, हिला जरा आधी निघायचं दिसतंय.

मग बहात्तरचा दुष्काळ. हौदाकडच्या भिंतीत पायापासून कमानीपर्यंत भेग गेली. त्र्याहत्तरच्या वैशाखात तू नागपूरहून आलास. सडक खात्यात ओव्हरसियर म्हणून हयात घालवलेला गावचा पोरगा, अब्बांची मशीद वाचवायला स्वतःच्या खर्चानं आलेला! तू भेगेत सिमेंट ठासून भरलंस. मला तो दिवस लख्ख आठवतो. पोती हातोहात द्यायला सारं गाव रांगेत उभं होतं. लिंबाखाली आमच्या वस्तीतल्या बायांनी पाण्याच्या घागरी मांडल्या होत्या. काम झाल्यावर जमातीच्या वजीरमियाँनी तुझ्या गळ्यात हार घातला. आता ते म्हणतात घातला नव्हता. घातला होता, झेंडूचा होता.

पाऊस चांगला झाला. तिथून बिघडलं. आषाढात भिंतीनं पोट बाहेर काढलं आणि श्रावणात कमानीचा मधला दगड खाली आला. भर दुपारी. त्या दुपारचं पुढे लिहीन.

तुला तार गेली. तू आलास. त्या दिवशी अंगणात काय झालं ते मला नंतर कळलं, मी तेव्हा अकोल्यात होतो. लोक तुला म्हणाले, "ओव्हरसियर सायेब, सरकारी पूल बी असेच बांधले काय?" असं म्हणणाऱ्यांत पोती उचलणारेच पुढे होते. वजीरमियाँही टाकून बोलले. आणि तुझी सख्खी थोरली बहीण, हुरमतआपा, चारचौघांदेखत म्हणाली, "अब्बा की मस्जिद तोडने आया था क्या रे?" तू उत्तर दिलंस, "निकालो फिर सिमेंट! निकालो, और बैठो पानी की राह देखते!" आणि तसाच फाट्यावर जाऊन एस.टी.त बसलास. बसण्याआधी तू विचारलंस, "देवमन कुठं हाय?" कोणीतरी सांगितलं, "गुरुजी अकोल्याले गेले, लेकीकडं." तू गाडीत चढून बसलास म्हणतात. खिडकीकडे तोंड केलंस.

ते खिडकीकडे केलेलं तोंड दोन वर्षं माझ्यासमोर आहे.

गेल्या साली पावसानं दगा दिला. भिंतीला सागाचे टेकू लावले होते तेवढ्यावर ती उभी होती. नमाज अंगणात व्हायची. यंदा चैत्रात जमातीनं बैठक बोलावली. तू गेल्यावर मशिदीचा कारभार वजीरमियाँकडे आला, आणि नव्या वस्तूंवर त्यांचं प्रेम तुला ठाऊक आहे, गावात पहिला ट्रान्झिस्टर त्यांचाच. ते म्हणाले, "पाडायची. लोखंडी गज घालू, स्लॅब टाकू. कारंज्याले पूनमचंदचं नवं दुकान पाह्या, स्लॅब कसा आरशावानी! पावसाचा थेंब नाही गळत."

मशिदीचं काम म्हणून मी कोण बोलणार? पण बसलो होतो. कोणी बस म्हटलं नव्हतं, कोणी ऊठही म्हटलं नाही. आणि मला सहन होईना. मी बोलायला लागलो आणि नेहमीप्रमाणे भलतीकडे गेलो. म्हणालो, अरे, इथं हौद होता. लोक वजू करायचे आणि ते पाणी दगडी पन्हळीतून या भिंतीच्या पायाशी फिरून पलीकडे डाळिंबाच्या आळ्यात जायचं. आम्ही त्यात कागदाच्या नावा सोडायचो. सुभानची नाव नेहमी पुढे, कारण तो तिला खालून फुंकर घालायचा—

"गुरुजी सुरू झाले," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

वजीरमियाँ हात जोडून म्हणाले, "गुरुजी, बचपन रहने दो. लोकाईले जेवायचं हाये."

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "भिंतीच्या कडेनं मखमलीसारखं शेवाळ असायचं. वैशाखात सगळं रान भाजून निघायचं आणि तिथं मात्र हिरवंगार. मी त्यावर घसरून पडलो होतो, तोंडावर."

"थांबा बाप्पा!" हा ग्यानबा. मशिदीला लागून त्याचं शेत, म्हणून त्यालाही बोलावलं होतं. तो डोक्याचा रुमाल सोडून उठून उभाच राहिला. "गुरुजी, भर वैशाखात? पक्कं सांगा. कविता नका सांगू."

"भर वैशाखात. दात पडला होता माझा, कविता कसली!"

"मंग तिथली माती कधी उकललीच नसन."

सुभान, बैठकीतले सगळे वळून भिंतीच्या पायाकडे पाहायला लागले. तू गावचा आहेस, तुला फोडून सांगायला नको, पण लिहितो, कारण लिहायला मजा येते. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. अशी फाटते की करडाचा पाय अडकतो. पावसाची पहिली झड लागली की फुगते आणि मिटते. हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण मशीदही त्याच मातीवर उभी आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो. दगड एवढा मोठा दिसतो की त्याखाली माती आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही! ज्यांनी ती बांधली त्यांनी वजूचं पाणी पायाशी खेळवलं होतं. बारमाही ओल, म्हणून माती फाटत नव्हती. इतकी वर्षं ही भिंत नमाजींच्या हातापायांच्या पाण्यावर उभी होती.

आणि तो हौद कोणी बुजवला? आपण. ईदेला अंगणात जागा पुरत नाही म्हणून. तू तेव्हा नोकरीवर चांद्याला होतास. अख्ख्या गावानं टोपल्या वाहिल्या, मुसलमान, बौद्ध, कुणबी, मारवाडी. केवढा उत्साह होता! दाराशी पत्र्याचं पिंप ठेवलं, पन्हळ फोडून ओटा केला, आणि वर पेढे वाटले. त्या दिवसापासून भिंतीखालची माती तहानलेली होती. दुष्काळानं फक्त शेवटचा घोट काढून घेतला.

भेग तुझ्या आधीची आहे, सुभान. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. भेग आम्ही पाडली आणि पेढे खाल्ले. तू आलास तेव्हा ती उन्हाळ्यानं पूर्ण उघडलेली होती, तू ती भरलीस. कोणी सांगितलं का तुला, की बाबा ही पावसात मिटायला मागेल, हिला जागा ठेव? रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांपैकी एकानं? नाही. सगळे "वा वा" म्हणत होते, मी सर्वांत मोठ्यानं.

हे सगळं ऐकून वजीरमियाँ म्हणाले, "बराबर हाय. पण आता काय करता? सिमेंट तर बसलं."

तेव्हा पडद्यामागून हुरमतआपाचा आवाज आला. तिचं घर अंगणाला लागून, दाराच्या चिकामागे बसून ती सगळं ऐकत होती. "मेरा भाई जाते जाते क्या बोल्या था? निकालो सिमेंट और पानी की राह देखो. बोल्या था के नै? तुमीच बहिरे होते!"

"आपा, ते त्यानं रागात म्हटलं होतं," मी म्हणालो.

"रागात म्हटलं म्हणून खोटं होते काय?"

वजीरमियाँ एवढंच म्हणाले, "ईदेपर्यंत. ईदेपर्यंत भिंत सुधरली तर ठीक. नाही तर दुसऱ्या दिवशी कुदळी."

म्हणजे बघ, मशीद वाचवायचा उपाय तूच सांगून गेला होतास, शिवीसारखा तोंडावर फेकून. आम्हाला तो उचलायला दोन वर्षं लागली.

कामाला तांड्यावरचा उदयसिंग गवंडी आला. छिन्नी लावून सिमेंट काढताना तो तुझ्या नावानं रोज एक कौतुक आणि एक शिवी द्यायचा. "काय माणूस हाय! असं ठासलं की आमच्या सासूचं तोंड बी असं बंद नाही होणार." हौद उकरला तेव्हा तळाशी एक पितळी लोटा निघाला. वजीरमियाँनी तो हातात घेतला आणि लहान पोरासारखे ओरडले, "अरे हा माझा! याच्यापायी अम्मानं मले उपाशी ठेवलं होतं!" मग तो लोटा घेऊन ते घरोघर दाखवत फिरले. मला वाटतं, त्यांचं मन त्या लोट्यानंच फिरवलं. स्लॅबचं नाव पुन्हा काढलं नाही त्यांनी.

पन्हळ नवी घडवली. पण उन्हाळ्यात हौद भरायचा कशानं? आमच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीला पाणी होतं. दुर्गाबाईनं, म्हणजे ग्यानबाच्या मंडळीनं, सगळ्या बायांना सांगितलं, घरचं पाणी भरून झालं की एकेक घागर मशिदीत. मुसलमान मोहल्ल्यातल्या बायाही यायच्या. एकेकाळी आमच्या विहिरीला कोण हात लावत होतं? आणि आता तिचं पाणी मशिदीच्या पायाला. मी ओट्यावर बसून ती रांग पाहायचो. "गुरुजी, नुसते पाहून काय राह्यले, एक कविता तरी म्हना," दुर्गाबाई टोमणा मारायची. म्हणायचो. पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा.

मृगानं हुलकावणी दिली. माझा जीव खालीवर. पण आषाढ लागला आणि अशी झड बसली की रोजचा भाकरीचा तुकडाही सादळला. आता खरी गंमत ऐक. भेग मिटते की नाही हे पाहायचं काम हुरमतआपानं स्वतःकडे घेतलं. झड लागण्याआधी तिची मूठ भेगेत जायची. मग मूठ जाईना, सपाट हात जायचा. मग नुसती बोटं. श्रावणात ती घरून भाकरी घेऊन आली, भाकरी घालून पाहिली, अर्धी गेली आणि अडकली, तिथंच मोडून तिनं मला खायला दिली. मग बांगडी. मग लिंबाची काडी. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर चिखलातून येऊन भिंतीशी उभी राहायची, एखाद्या रुसलेल्या पोराच्या तोंडात घास घालावा तशी. गणपती बसण्याच्या सुमारास एक दिवस मला म्हणाली, "देवमन, पोस्टकार्ड हाय?"

मी खिशातून कोरं पोस्टकार्ड काढलं. तिनं ते भेगेला लावलं आणि ढकललं. जाईना. दुसरीकडून लावलं. जाईना. कोपरा दुमडला, पण आत शिरला नाही. ती माझ्याकडे वळली. सुभान, सत्तरीच्या पुढची बाई, मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या हसण्यात तिनं घुमटाकडे तोंड करून म्हटलं—

दगड म्हणे पोरांनो, ऊन सारे साहतो,
पोरांच्या ओल्या पायांची वाट रोज पाहतो.

पुढचं कडवं! आपण आत घोकायचो तेव्हा ती चिकामागे ऐकत होती. तिला शाळेत घातलं नव्हतं, पण आपल्या सगळ्यांपेक्षा तिचं पाठांतर पक्कं. आणि घुमटानं ते जसंच्या तसं मागून म्हटलं. भिंत फुगली होती तेव्हापासून त्याचा आवाज फाटला होता, तो जुळून आला होता. मी तिथं बसून रडलो. म्हातारपणी रडायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी होतं.

ते दुमडलेलं पोस्टकार्ड या पाकिटात घातलं आहे. जपून ठेव. वर काही लिहिलेलं नाही, पण मला आलेल्या-गेलेल्या सगळ्या पत्रांत मोठा मजकूर त्याचाच आहे.

मग राहिला कमानीचा दगड. पडला तेव्हापासून तो अंगणात तसाच होता, लिंबाखाली. उदयसिंगनं गूळ-बेलाचं पाणी घालून चुना मळवून घेतला, भाद्रपदात उघडीप मिळाली तशी दोर बांधले. आणि दगडाला हात घालण्याआधी तो थांबला. सगळेच थांबले. वजीरमियाँ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, पहिला हात तुमचा. तुमी म्हनसान तरच उचलू हा दगड. नाही तर दुसरा घडवू."

मी म्हणालो, "हाच. दुसरा कशाला? याची नि माझी चांगली ओळख झाली आहे." आणि हात लावला. दगड उन्हानं गरम झाला होता. वर गेला, बसला, असा बसला की उदयसिंगनं टेकू काढला तेव्हा कमानीतून चिमूटभर धूळसुद्धा पडली नाही. बाहेर सुताराच्या पोरांनी डफडं वाजवायला सुरुवात केली, त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

आणि ईद! सुभान, ईद काय सांगू. हौद काठोकाठ भरलेला. सगळे वाकून वजू करत होते आणि ते पाणी पन्हळीतून भिंतीच्या पायाशी वळत होतं. ओल्या पावलांचे ठसे काळ्या फरशीवर आत गेलेले, मोठे, लहान. नमाज झाल्यावर वजीरमियाँ बाहेर आले, माझ्या गळ्यात पडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुभानखाँकडे आम्ही चुकलो. लिहा गुरुजी. जमात बोलावून राह्यली म्हणून लिहा." हुरमतआपानं शीरखुर्म्याचा वाडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "त्याले लिही, बहीण वाट पाहते. और देवमन, इस बार सब लिख. सब."

तर आता सब लिहितो.

वजीरमियाँनी पहिला हात मलाच का लावायला सांगितला, हे तू मनात विचारलं असशील. तू शिकलेला आहेस, बहुतेक ओळखलंही असशील.

त्या श्रावणातल्या दुपारी मी कमानीखाली बसलो होतो. रोजचीच जागा, तुला माहीत आहे. वर करकर झाली, मी उठलो, शरीर बाहेर आलं, डावा पाय मागे राहिला. अकोल्याला मी लेकीकडे गेलो हे खरं होतं. लेक दवाखान्यात माझ्या खाटेपाशी बसली होती. तू फाट्यावर उभा राहून "देवमन कुठं हाय" विचारलंस, तेव्हा तिकडे डॉक्टर माझ्या पायाची बोटं काढत होते. मीच सगळ्यांना शपथ घातली होती, सुभानला कळता कामा नये. कळलं तर तो त्या सिमेंटखाली जन्मभर दबेल. लोकांनी शपथ पाळली. तुला घालून पाडून बोलले, पण हे एक बोलले नाहीत. हुरमतआपासुद्धा नाही. गाव वाईट नाही आपलं.

पण मग तुला लिहू काय? कमान पडलेली, मी खाटेवर. खोटं लिहवेना, आणि खरं लिहिलं असतं तर तू ते कशाच्या आधारावर वाचलं असतंस? म्हणून गप्प बसलो. तुला वाटलं, सगळ्यांसारखं देवमननंही तोंड फिरवलं. ते तसंच वाटू दिलं, कारण तो राग तुला पेलण्यासारखा होता, हे पेलण्यासारखं नव्हतं. आता कमान वर आहे. आता तू हे वाचू शकतोस.

रडू नकोस. दमा वाढेल. मी काठी घेऊन सगळीकडे जातो, बेबी म्हणते पहिल्यापेक्षा जास्तच फिरतो. कवितेचा ठेका धरायला उजवा पाय शाबूत आहे. आणि त्या दगडावर माझा राग कधीच नव्हता. ज्या दारातून मला पहिल्यांदा कोणी आत बोलावलं, त्याच दाराचा तो दगड. त्यानं माझं थोडं ठेवून घेतलं तर घेतलं.

दिवाळीनंतर ये. मंगरूळपीरहून दुपारची गाडी पकड, तिला गर्दी कमी असते. मी फाट्यावर घ्यायला येईन, चालत येईन. गाडीतून उतरलास की माझ्या पायाकडे बघू नकोस. सरळ वर बघ. लिंबाच्या मागे फाट्यावरूनच कमान दिसते.

हौदाच्या काठावर, ओल्या फरशीवर बसून हे लिहिणारा,
तुझाच, आणि कधीही दुसऱ्या कोणाचा न झालेला,
देवमन